पडका वाडा, ढासळती वेस: जपायचे कोणी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा आला की मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून बुरूज कोसळल्याची, नाहीतर वाड्याची भिंत बसल्याची बातमी येते. पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. कलमांचे पाठांतर करण्यापेक्षा कोणत्या कार्यालयात कोणता कागद मागायचा यावर भर दिला आहे, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच अडकतात.

वास्तू जुनी आहे म्हणजे ती जपणे सरकारचेच काम, असे नाही का?

नाही. वय झाले म्हणून कोणतीही वास्तू आपोआप सरकारच्या गळ्यात पडत नाही. संविधानाचे कलम ४९ राज्यसंस्थेवर स्मारके जपण्याचे बंधन घालते, पण राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेल्या स्मारकांपुरतेच. कलम ५१ क मध्ये वारसा जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. या दोन कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपले बहुतेक वाडे, गढ्या, बारवा आणि वेशी उभ्या आहेत, किंवा पडत आहेत.

छत्रपती संभाजीनगरात एक फेरी मारली तरी हे कळते. बीबी का मकबरा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. पाणचक्कीचा परिसर वक्फ मंडळाकडे, आणि मंडळाचे राज्याचे मुख्यालयही तिथेच. जुन्या तटबंदीच्या दरवाजांची दुरुस्ती महापालिकेने स्मार्ट सिटीच्या पैशातून केलेली. आणि आतल्या गल्लीतला सागवानी खांबांचा वाडा चार भावांच्या नावावर. अंतर दोन-तीन किलोमीटरचे, पण जबाबदार माणूस दर वळणावर बदलतो. म्हणून ‘सरकार काय करतेय?’ असे न विचारता ‘यातले कोणते सरकार?’ असे विचारावे.

आमच्या गावची वास्तू कोणत्या यादीत आहे, हे कसे ओळखायचे?

आधी पाटी वाचा. ‘हे स्मारक संरक्षित आहे’ या इशाऱ्याखाली कायद्याचे नाव आणि साल असते. १९५८ असेल तर स्मारक केंद्राचे: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, आपल्यासाठी त्याचे छत्रपती संभाजीनगरचे मंडळ कार्यालय. १९६० असेल तर राज्याचे: पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि त्याचे विभागीय सहायक संचालक. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, दौलताबाद केंद्राकडे आहेत. नळदुर्गचा किल्ला राज्याकडे.

पाटी नसेल, किंवा ती गंजून कुणाच्या तरी गोठ्याचे दार झाली असेल, तर संबंधित कार्यालयाकडे राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत मागा. ‘आमचा किल्ला संरक्षित आहे’ हे गावात सगळ्यांना माहीत असते, पण अधिसूचनेत कधी फक्त दोन बुरूज आणि एक दरवाजा असतो. कोणते गट क्रमांक आणि किती क्षेत्र, हे त्यात लिहिलेले असते. भांडण सुरू करण्याआधी ते पाहून घ्यावे.

तिसरी यादी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची, वारसा वास्तूंची. ती नगररचना कायद्याखाली, विकास नियंत्रण नियमावलीनुसार तयार होते. चौथा गट म्हणजे ज्यांचे नाव कुठेच नाही, आणि मराठवाड्यात तोच सर्वांत मोठा. त्याला इतिहासाचे कारणही आहे. निजामाच्या राजवटीत १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते निघाले, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते. अजिंठ्याची चित्रे सावरायला त्या काळी इटलीहून जाणकार बोलावले गेले. पुढे १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी दप्तर हलले. लेणी आणि मोठे किल्ले त्यातून सुखरूप पार पडले; गावची गढी आणि बारव बहुतेक वेळा मागेच राहिली.

‘संरक्षित स्मारक’ आणि ‘हेरिटेज ग्रेड’ एकच का?

मुळीच नाही, आणि या गोंधळात वर्षे जातात. संरक्षित स्मारक म्हणजे पुरातत्त्व कायद्याखालची घोषणा. तिथे खाते स्वतः देखभाल करते. हेरिटेज श्रेणी म्हणजे मालकाला काय करता येईल आणि काय नाही, हे सांगणारी नियमावली. श्रेणी एकमध्ये आत-बाहेर हात लावायला जवळपास बंदीच, फक्त वास्तू बळकट करण्यापुरती मोकळीक. श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, दर्शनी भागाला जपावे लागते. श्रेणी तीनमध्ये बरीच सूट. मुंबईत असे नियम १९९५ मध्ये आले. मुंबईबाहेरच्या शहरांना आता २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे.

वाडा खासगी आहे, पण पालिकेच्या वारसा यादीत आहे. दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

मालकाचा. हे ऐकून बहुतेक लोक चमकतात. वारसा नियमांत स्पष्टच म्हटले आहे की नियमित दुरुस्ती आणि देखभाल हे मालकाचे कर्तव्य आहे. शासन, पालिका किंवा स्थानिक संस्था त्याला जबाबदार नाहीत. अपवाद त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या इमारतींचा. म्हणजे यादीत नाव आल्यावर पाडायला परवानगी लागते, दर्शनी भागाला हात लावायला वारसा समितीची संमती लागते, आणि बिल मात्र तुमच्याच नावावर येते.

मोबदला म्हणून विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची, तरतूद आहे. वारसा निर्बंधामुळे जेवढे बांधकाम गमावले, तेवढा हक्क दुसरीकडे विकता येतो. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. पैठण किंवा अंबाजोगाईसारख्या गावात वाडा सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षकाला त्या कागदाचा किती उपयोग, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. माझे स्पष्ट मत असे की लहान शहरांत आधी मालमत्ता करात सूट आणि दुरुस्तीसाठी हातभार द्यावा, मग यादी करावी. नुसती यादी आली की मालक घाबरतो आणि अधिसूचनेच्या आधीच जेसीबी बोलावतो.

‘देखभाल मालकाचे कर्तव्य’ या वाक्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. वास्तू पालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा शासनाची असेल तर मालक तेच, म्हणून देखभालीचे कर्तव्यही त्यांचेच. निजामकाळातली शाळा, जुनी तहसील, डाक बंगला, घड्याळाचा मनोरा यांच्याबाबतीत ‘निधी नाही’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

मालकी नेमकी कोणाची, हे कुठे पाहायचे?

शहरात नगर भूमापन झाले असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाबाहेर सातबारा आहेच. इतर हक्काचा रकाना वाचायला विसरू नका. ‘पुरातत्त्व’, ‘देवस्थान इनाम’, ‘सरकार’ असले शब्द तिथेच दडलेले असतात.

मराठवाड्यात एवढ्यावर भागत नाही. इथे १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, पाहावे लागते आणि इनामाची जागा असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला. हे कागद बहुधा उर्दूत, त्याआधीचे कधी मोडीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते मिळतात; वाचून देणारा मात्र आपणच शोधावा लागतो. जुने अर्जनवीस किंवा विद्यापीठातले मोडी शिकलेले विद्यार्थी, दोघांपैकी कोणीतरी सापडतो. गढीच्या जागेवर पाच पिढ्यांचे वारस, एक कूळ आणि एक देवस्थान असे सगळेच हक्क सांगत असतील तर तो तिढा सुटेपर्यंत वास्तूने थांबायचे का? थांबायचे नाही. तात्पुरता टेकू देण्यासाठी मालकी सिद्ध व्हायची वाट पाहू नये. पंचनामा करून, सर्व हक्कदारांना नोटीस देऊन हे काम करता येते.

मालक मुद्दाम वाडा पडू देतोय, म्हणजे मोकळा प्लॉट मिळेल. काही करता येते का?

छपरावरची कौले काढून ठेवायची, नाल्याचे तोंड बुजवायचे आणि दोन पावसाळे थांबायचे, ही पद्धत गवंड्यांनाही माहीत आहे.

वास्तू केंद्राची किंवा राज्याची संरक्षित असेल तर खात्याच्या हातात बरेच काही आहे. खासगी मालकाशी देखभालीचा करार करता येतो, मालकी मालकाकडेच ठेवून ताबा खात्याकडे घेता येतो, आणि स्मारकाचा नाश होण्याची भीती असेल तर भूसंपादनही करता येते. हा शेवटचा उपाय फार कमी वापरला जातो, पण पत्रव्यवहारात त्याचा नुसता उल्लेख केला तरी फाइल जरा वेगाने सरकते.

वास्तू पालिकेच्या यादीत असेल तर पडल्यानंतर नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना समितीचे मत घ्यावेच लागेल, हे पालिकेला आधीच लेखी कळवून ठेवा. मालकाचा सगळा हिशेब त्या नव्या नकाशावर असतो.

यादीत काहीच नसेल तर कायद्याने फारसे हाती नाही. अशा वेळी मालकाशी बोलणे हाच मार्ग, आणि तो पत्रापेक्षा चहावर जास्त सुटतो.

आम्ही भाडेकरू आहोत. घरमालक दुरुस्तीच करत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणे घरमालकाचे काम आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी त्याने काही केले नाही तर भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडे असलेल्या वाड्यात या रकमेत एक पन्हाळही बसत नाही, हे खरे. तरी नोटीस द्याच. पुढे ‘धोकादायक’ची चिठ्ठी लागली तर दोष कोणाचा, याचा तो पुरावा असतो.

पालिकेने ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस चिकटवली आहे. आता वास्तू पाडणारच का?

इथे घाई करू नका आणि झोपूही नका. महापालिका क्षेत्रात १९४९ च्या अधिनियमाचे कलम २६४ आणि नगरपरिषदेत १९६५ च्या अधिनियमाचे कलम १९५ यांनुसार पडायला आलेली इमारत दुरुस्त करा, आधार द्या किंवा उतरवा असे सांगण्याचा अधिकार पालिकेला आहे. दुरुस्त करा, आधार द्या हे पर्याय त्यात आहेत. नोटिशीच्या छापील नमुन्यात मात्र ‘पाडून घ्यावी’ एवढेच ठळक असते.

इमारतींचे वर्गीकरण होते: सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून उतरवायची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. तुमची वास्तू कोणत्या वर्गात टाकली आणि कोणत्या तपासणीवरून, त्या अहवालाची प्रत मागा. मग अहवाल नीट वाचा. दगड-चुन्याच्या भिंतीवर काँक्रीटसाठी बनवलेली हातोडा-चाचणी करून आकडा लिहिला असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि पोटात भराव अशी आपल्याकडची भिंत असते. ती फुगली आहे का, दोन थर सुटे झाले आहेत का, पाणी कुठून शिरते, हे पाहणारा माणूस हवा. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संवर्धन वास्तुविशारदाकडून दुसरा अहवाल घेऊन मुदतीत सादर करा.

मराठवाड्यात अधिकाऱ्यांना जुन्या दगडी भिंतीची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचे धाबे यांखाली गेली. त्या आठवणीला कमी लेखू नये. पण तिथे पडली ती बहुतांशी गोल दगडांची, मातीच्या सांध्यांची, वर्षानुवर्षे धाब्यावर मातीचे थर चढवत नेलेली घरे. चुन्यात बांधलेला चिरेबंदी वाडा आणि ते घर एकाच मापाने मोजणे चूक आहे. माळवदावरची जादा माती उतरवणे आणि भिंतींच्या कोपऱ्यांना बांधून घेणे, एवढ्याने कित्येक वाडे सुरक्षित होतात.

दरम्यान माणसांचा जीव पहिला. रस्त्याच्या बाजूला कठडा, टेकू, वाहतूक वळवणे, हे पालिकेने आजच करायचे आहे. त्यासाठी कोणत्याही समितीची बैठक लागत नाही. संभाजीनगरात मकाई, बारापुल्ला, महमूद या दरवाजांतून वर्षानुवर्षे वाहने जात राहिली. कमानीला धक्का बसला की बातमी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेम्पो आत.

संरक्षित स्मारक असूनही पडतेय. अधिकाऱ्याला जाब विचारता येतो का?

येतो, पण ‘दुर्लक्ष झाले’ असा मोघम आरोप करून काही साधत नाही. दोन गोष्टी धरून ठेवा.

पहिली, सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा राजीव मंकोटिया प्रकरणातला निर्णय. सिमल्याच्या व्हाइसरीगल लॉजबद्दलचा हा खटला. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके जपणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने त्यात बजावले.

दुसरी, आणि रोजच्या कामाला जास्त उपयोगी, म्हणजे लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे जायचे नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा, असे त्यात आहे. जाणीवपूर्वक उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुमच्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला की त्या तारखेपासून दिवस मोजायला लागा. हा कायदा राज्याच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे; केंद्राच्या खात्याला नाही.

खात्याची बाजूही ऐकावी. एका विभागीय कार्यालयाकडे अनेक जिल्हे, हाताखाली मोजके पहारेकरी आणि अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत पावसाळा उलटलेला. काही ठिकाणी पहारेकरी हाच एकमेव ‘विभाग’ असतो. पण याच कारणाने खात्याने तडा दिसताच लेखी नोंद करून वर कळवायला हवे. ज्या स्मारकाच्या फाइलीत गेल्या पाच वर्षांत एकही पाहणी अहवाल नाही, तिथे माणसे कमी होती ही सबब चालत नाही.

स्मारकापासून शंभर मीटरच्या आत आमचे घर आहे. आम्हाला गिलावासुद्धा करता येत नाही म्हणे?

ही बंदी केंद्र संरक्षित स्मारकांसाठी १९९२ च्या अधिसूचनेने आली आणि २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच घातली गेली. शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही. त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरमध्ये, म्हणजे एकूण तीनशे मीटरपर्यंत, परवानगीने. आधीपासूनच्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन शंभर मीटरच्या आतही करता येते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने निर्णय होतो. परवानगीशिवाय बांधले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मंदिर, दर्गा, मठ यांची जबाबदारी कोणाकडे?

वास्तू संरक्षित असेल तर इमारत खात्याची आणि पूजा-अर्चा पूर्वीसारखी चालू, असा सर्वसाधारण मेळ असतो. संरक्षित नसेल तर विश्वस्त जबाबदार. सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्त. वक्फ असेल तर वक्फ मंडळ आणि मुतवल्ली, म्हणजे त्या वक्फचा व्यवस्थापक.

विश्वस्तच वास्तूची नासधूस करत असतील तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१ ई खाली धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. न्यासाची मालमत्ता वाया जाण्याचा किंवा तिची हानी होण्याचा धोका असेल तर ते मनाई हुकूम देऊ शकतात. मोठा धोका मात्र भक्तीचा आहे. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा, सभामंडपापुढे पत्र्याचे शेड, आणि वर पाटी ‘जीर्णोद्धार’. देणगीदाराचे नाव कोरायला जुन्याच खांबाचा दगड वापरलेला. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, म्हणून थांबवणे अवघड जाते. गावच्या सभेत आधी बोलावे, अर्ज नंतर.

गावकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःच दुरुस्ती केली तर?

संरक्षित वास्तूला खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका, गवत काढण्यापलीकडे तर नकोच. चांगल्या हेतूने केलेले कामही गुन्हा ठरू शकते.

असंरक्षित वास्तूत मालकाच्या संमतीने जरूर करा. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, आणि आज लोक ती पाहायला लांबून येतात. बारवेच्या बाबतीत गाळ काढणे हे अर्धे संवर्धनच असते. गाळ काढताना मूर्ती, शिलालेख, घडीव दगड निघाले तर जागच्या जागी फोटो काढून तहसीलला कळवा.

भिंतीच्या कामात एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: सिमेंट नको. दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. मग ती दगडातून वाट काढते, क्षार फुलतात, आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची रेघ मात्र तशीच उभी. चुना भिजवून, मुरवून, दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळून वापरायचा. त्यात बेलफळ, गूळ, मेथी, उडीद घालायची जुनी रीत आहे. प्रमाण मात्र जाणत्या गवंड्याकडूनच घ्यावे.

पिंपळ-उंबराचे रोप नुसते उपटू नका. मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोराने येते. खेचून काढले तर दगडही हलतो. रोप लहान असतानाच खोड कापून, मूळ मारून, भेग चुन्याने बंद करायची.

आणि पाया पाहा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. जोत्यालगत पाणी साचू दिले की एक बाजू उचलते, दुसरी बसते आणि कमानीला मधोमध चीर जाते. लोक चीर बुजवतात; नाली काढायची असते. वास्तूच्या भोवती चार बाजूंनी पाणी वाहून जायला उतार करणे, हे मराठवाड्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित संवर्धन आहे.

पैसा कुठून आणायचा?

जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरे आणि महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनासाठी तीन टक्क्यांपर्यंत निधी ठेवता येतो. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी प्रस्ताव आणि अंदाजपत्रक तयार हवे. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नसतो. केंद्राच्या स्मारकांसाठी १९९६ पासून राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, ज्यात देणगी विशिष्ट स्मारकासाठी देता येते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे. नळदुर्गचा किल्ला २०१४ मध्ये तिच्याखाली खासगी कंपनीकडे देखभालीसाठी दिला गेला. तिथे स्वच्छता, बाग, दिवे आले, गर्दी वाढली. संगोपन म्हणजे सुविधा की संवर्धन, हा प्रश्न करार वाचताना विचारावा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघायला चार पर्यटक जास्त आले तरी तटाच्या फुगलेल्या भिंतीची चौकशी वेगळी करावी लागते.

गढीची पांढरी माती लोक नेतात, कोणी गुप्तधनासाठी खणते. तक्रार कुठे?

पांढरी माती धाब्यावर चांगली बसते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती नेली गेली आणि गढ्या पोटातून पोकळ झाल्या. आज ती नेणारे ट्रॅक्टरवाले घरासाठी नेत नाहीत. जागा सरकारी असेल तर गौण खनिजाचा प्रश्न म्हणून तहसीलदाराकडे जा. ‘वारसा’ या शब्दापेक्षा ‘विनापरवाना उत्खनन’ या शब्दावर तलाठी लवकर येतो. घडीव दगड, कोरीव चौकट, मूर्ती चोरीला गेली तर थेट पोलिसांत. गुप्तधनाच्या खणण्यात पूजा-बळीचा प्रकार असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

तक्रार कशी करायची, म्हणजे ती टोलवली जाणार नाही?

एका वास्तूसाठी एक अर्ज. सोबत तारखेसह फोटो, शक्य तर त्याच कोनातून मागच्या वर्षीचाही. गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक. तड्याची रुंदी मोजपट्टी धरून. आणि मागणी एकच, नेमकी: ‘स्थळपाहणी करून अहवाल द्यावा’. ‘किल्ल्याचा सर्वांगीण विकास करावा’ असे लिहिले की अर्ज पर्यटन विभागाकडे जातो आणि दोन वर्षांनी सेल्फी पॉइंट मिळतो.

प्रती जिल्हाधिकारी, संबंधित पुरातत्त्व कार्यालय आणि पालिकेचे मुख्याधिकारी किंवा आयुक्त यांना. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही असतात, त्यामुळे भिंत रस्त्यावर झुकली असेल तर त्यांचे नाव सर्वांत वर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हास्तरीय लोकशाही दिन असतो, तिथे विषय नेता येतो.

तीस दिवसांत काही झाले नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमानुसार एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. ‘का केले नाही’ असे विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. हे मागा: अधिसूचनेची प्रत, गेल्या पाच वर्षांचे पाहणी अहवाल, मंजूर अंदाजपत्रके आणि खर्च, माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरची टिपणी. ती टिपणी वाचली की फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, ते तारखांसकट दिसते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील.

कोर्टात जावे का?

वास्तू पाडायचे काम उद्यापरवा सुरू होणार असेल तर लगेच. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून आहे आणि जनहित याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. तिथे तुमची भावना चालत नाही, कागद चालतो. वर सांगितलेली अर्जांची, आवक क्रमांकांची आणि माहिती अधिकाराची थप्पी तिथे उपयोगी पडते. एरवी न्यायालय आधी विचारेल की तुम्ही प्राधिकरणाकडे गेला होता का.

इन्टॅकच्या यादीत नाव आहे. ते पुरेसे नाही का?

इन्टॅक ही वारसा जतनाचे काम करणारी, १९८४ मध्ये सुरू झालेली संस्था. तिने केलेली नोंद अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची, पण त्या यादीला कायद्याचे बळ नाही. प्रस्तावाला जोडायला उत्तम.

आमची वास्तू कुठल्याच यादीत नाही. यादीत घालायची कशी?

केंद्राच्या कायद्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे जुनी हवी आणि राष्ट्रीय महत्त्वाची. हा दरवाजा आता फार अरुंद आहे. २०२४ मध्ये तर केंद्राने देशातली अठरा स्मारके यादीतून वगळली. राज्याकडे प्रस्ताव देणे जास्त व्यवहार्य. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना. प्राथमिक अधिसूचना निघून अंतिम रखडलेल्या वास्तू असतात. आपली तशी आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण मग नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

प्रस्तावात जागेचा नकाशा, मालकीचे कागद, फोटो, इतिहासाचे एक पान आणि ग्रामसभेचा किंवा पालिकेचा ठराव जोडा. इतिहासाच्या पानात ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे नको. शिलालेख असेल तर त्याचा ठसा किंवा स्पष्ट फोटो हवा. मालक खासगी असेल तर त्याची लेखी संमती कायद्याने बंधनकारक नसली तरी घ्याच. संमती नसलेले प्रस्ताव हरकतींच्या टप्प्यावर अडतात.

शहरात असाल तर महापालिकेच्या वारसा समितीला पत्र देऊन नाव सुचवा आणि विकास आराखड्यात त्या जागेवरून रस्तारुंदीची रेघ गेली आहे का, ते नगररचना विभागात जाऊन डोळ्यांनी पाहा. संभाजीनगरातला दमडी महल रस्तारुंदीकरणात गेला. आराखड्याच्या नकाशावर ती रेघ मारली जाते तेव्हा हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते आणि त्या काळात नगररचनेच्या खिडकीवर फारसे कोणी फिरकत नाही.